गरोदरपणात ताप आणि पुरळ : डॉक्टर काय विचारतात, का विचारतात

एका कागदावर चारच ओळी असतात. 24 वर्षांची महिला, पहिलं बाळंतपण, नववा आठवडा चालू. तीन दिवसांपूर्वी बारीक ताप, आज चेहऱ्यापासून सुरू होऊन अंगभर गुलाबी पुरळ. जावेचा पाच वर्षांचा मुलगा दोन-अडीच आठवड्यांपूर्वी आजारी होता. समोर सात-आठ वैद्यकीय विद्यार्थी बसलेत. शिक्षक त्यांना उत्तर सांगत नाहीत, फक्त विचारतात, "आता तुम्हाला अजून काय माहीत असायला हवं?"

हा आम्ही तयार केलेला नमुना आहे, पण शिकवण्याची ही पद्धत खरी आहे. तिला समस्याधारित शिक्षण म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 1969 मध्ये ती सुरू झाली, 1974 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या वैद्यकीय शाखेने उचलली. आधी पुस्तक आणि मग रुग्ण हा क्रम तिथे उलटा केला. आपल्याकडे 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. त्यातही पहिल्या वर्षापासून रुग्णाशी ओळख आणि घरच्यांशी बोलण्याचं शिक्षण आलं.

घरच्यांना हे कशाला सांगायचं? कारण त्या कागदावरच्या प्रश्नांची उत्तरं विद्यार्थ्यांकडे नसतात, आपल्याकडे असतात. आणि दवाखान्यात बरोबर आलेल्या माणसाला बहुतेक वेळा ती ठाऊक नसतात.

पहिला प्रश्न : नेमका कितवा आठवडा? ही नुसती फॉर्म भरायची बाब नाही. हे पुरळ रुबेलाचं, म्हणजे जर्मन गोवरचं असेल, तर सगळं त्या आकड्यावर आहे. पहिल्या 12 आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर बाळाला इजा होण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत जाते. मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष, शिवाय गर्भपात. पुढे ही शक्यता झपाट्याने उतरते आणि 20 आठवड्यांनंतर असे दोष क्वचित दिसतात. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा. "दोन-तीन महिने झाले असतील" या उत्तराने डॉक्टरांचं काम अडतं.

आईला किरकोळ वाटणारा आजार बाळाला एवढा भारी पडतो, हे कळलं तेही असंच विचारपूस करून. 1941 मध्ये सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागोमाग येऊ लागली. बाहेर बसलेल्या आयांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं, असं सांगितलं जातं. गरोदर असताना आपल्याला जर्मन गोवर झाला होता, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. ग्रेग यांनी सहकाऱ्यांकडच्या नोंदीही मिळवल्या आणि 78 बाळांची माहिती मांडली. म्हणजे या शोधाचा धागा आयांच्या गप्पांतून मिळाला.

दुसरा प्रश्न : घरात, शेजारी, शाळेत कोणाला पुरळ आलं होतं? किती दिवसांपूर्वी? रुबेलाची लागण झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पुरळ दिसतं. म्हणून जावेच्या मुलाचा ताप इथे महत्त्वाचा. लाजेपायी किंवा "जावेला वाईट वाटेल" म्हणून ही गोष्ट दडवू नका. यात कोणाचा दोष नसतो. कित्येकांना तर रुबेला होऊन जातो आणि अंगावर काहीच दिसत नाही.

तिसरा प्रश्न : लस झाली आहे का? इथे आपल्या घरांत खरी अडचण आहे. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाली, 9 महिने ते 15 वर्षांखालच्या मुलांसाठी. त्या वेळी 15 च्या पुढे असलेल्या मुली त्यातून सुटल्या, आणि आता त्याच बाळंतपणाच्या वयात आहेत. शिवाय "या सुईने पुढे मूल होत नाही" ही अफवा तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांत फिरली. ती साफ खोटी आहे. उलट पोटातलं बाळ वाचावं म्हणूनच ही लस आहे.

लसीतल्या जिलेटिनची शंका मात्र अफवा म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. पुण्यात बनणारी हीच लस इंडोनेशियात गेली, तेव्हा तिथल्या उलेमा परिषदेने ऑगस्ट 2018 मध्ये फतवा दिला. लसीत डुकरापासूनचा अंश वापरला आहे, पण हलाल पर्याय उपलब्ध नाही आणि न घेण्यात धोका आहे, म्हणून जरूरत या तत्त्वावर ती घेणं जायज आहे, असं परिषदेने सांगितलं. ज्यांच्या मनात हा प्रश्न आहे त्यांनी आपल्या आलिमांपुढे ही माहिती ठेवून विचारावं. पण निकाहाच्या आधी विचारावं. ही जिवंत विषाणूची लस गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर किमान एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात.

आता त्या कागदावरच्या बाईकडे परत. रक्ताची तपासणी होते, ती एकदाच होऊन भागेलच असं नाही. आयजीएम नावाचा घटक नवी लागण दाखवतो, पण पुरळ उठल्या दिवशी तो सापडेलच याची खात्री नसते. तेव्हा काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. "पैसे काढायला दोनदा बोलावतात" असं आपण पटकन म्हणतो. इथे दुसऱ्या खेपेला वैद्यकीय कारण आहे. नुसता आयजीजी आला तर बहुधा जुनी प्रतिकारशक्ती आहे, म्हणजे दिलासा. लागण पक्की ठरली तर बाळाला इजा होऊ नये असं औषध नाही, आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चांगली आली तरी ऐकू येतं की नाही ते तिच्यात दिसत नाही. पुढचा निर्णय पती-पत्नीने डॉक्टरांशी बोलून घ्यायचा असतो. शरीयतच्या बाजूने विचारायचं असेल, तर तिथेही 120 दिवसांची गणना येते. म्हणून तिथेही उशीर चालत नाही.

विद्यार्थ्यांना इथेच थांबू देत नाहीत. पुरळ रुबेलाचं नसेल तर? पाण्याने भरलेले फोड असतील तर कांजिण्या. आईला पूर्वी झालेल्या नसतील आणि घरात कोणाला आल्या, तर संपर्कानंतर 10 दिवसांच्या आत संरक्षक इंजेक्शन देता येतं. फोड येईपर्यंत वाट पाहिली की ती संधी गेली. गालांवर लाली आणणारा पार्वो विषाणू बाळाचं रक्त कमी करू शकतो. सायटोमेगॅलो विषाणू लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून येतो आणि बाळाच्या कानांना बाधतो. मुलांचं शी-शू काढल्यावर, उष्टं पुसल्यावर हात धुणं हाच त्यावर उपाय.

आणि पुरळच नसेल, पण डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या, अन्न नको? मग हेपटायटिस ई. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ इतरांना बहुधा सोडून देते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला झाली तर 20 ते 25 टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतो. अशा वेळी झाडपाला, कावीळ उतरवणारा किंवा ताबीज यात चार दिवस घालवू नका. दुआ करा, पण रिक्षा आधी बोलवा. पावसाळ्यात गरोदर बाईसाठी पाणी उकळूनच द्या, दावतीला गेलात तरी.

एक गोष्ट मात्र उलट आहे. अंगावर पुरळ असेल तर थेट ओपीडीच्या रांगेत जाऊन बसू नका. तिथे दुसऱ्या गरोदर बाया बसलेल्या असतात, आणि रुबेला पुरळाच्या आधी व नंतर साधारण आठवडाभर पसरतो. आधी फोन करा किंवा आशाताईंना सांगा, म्हणजे वेगळं बसवतील.

माता-बाल संरक्षण कार्ड, शेवटच्या पाळीची तारीख, लहानपणीची लसकार्डं यांचे फोटो नवऱ्याच्या आणि सासूच्या दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. तपासणीत रुबेलाची प्रतिकारशक्ती नाही असं निघालं आणि बाळंतपण सुखरूप झालं, तर घरी येण्याआधीच लस मागून घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते.