पाण्याची कुळकथा

नरकचतुर्दशीच्या पहाटे पुंडलिकनगरातल्या घरोघरी जे ऊन पाणी अंगावर पडते, ते नाथसागराचे, म्हणजे गोदामाईचे, हे पोरसोरही सांगेल. गोदावरीत ते ढगांतून आले आणि ढगांत समुद्रातून. पण समुद्रात कोठून आले? या प्रश्नाचा धागा, वाचकहो, थेट गुरू ग्रहापर्यंत जाऊन पोचतो!

पाण्यातला हायड्रोजन सगळाच एका वजनाचा नसतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे ६४०० अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो. हेरॉल्ड यूरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३१ साली द्रवरूप हायड्रोजन हळूहळू उडवून, उरलेल्या अंशाच्या वर्णपटात त्याची पुसट रेघ हुडकली. १९३४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जड भाऊ पुढे महाराष्ट्रातही कामाला लागला. रायगड जिल्ह्यात थळ येथे १९८७ साली जड पाण्याचा कारखाना सुरू झाला. शेजारच्या खतकारखान्यातील वायूतून जड हायड्रोजन अमोनियाच्या साह्याने वेचून घ्यायचा, अशी तेथली युक्ती.

गुरूवर मात्र वेचायला जाणार कोण? १९७३ साली बीअर आणि टेलर यांनी गुरूच्या अवरक्त किरणांत जड हायड्रोजन असलेल्या मिथेनची खूण ओळखली. पुढे ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी गुरूच्या वातावरणात शिरली. सुमारे तासभर निरोप धाडून ती कायमची मुकी झाली. पण वायूंचे कण वजनावारी निवडणाऱ्या तिच्यातील यंत्राने आपले काम केले होते. गुरूवर जड अणू निघाला सुमारे ४० हजारांत एक!

या आकड्याचे मोल काय? ताऱ्यांच्या पोटात जड हायड्रोजन जळून जातो. गुरूच्या पोटात तेवढी धग नाही. म्हणून साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवती असलेल्या वायूची मूळ मुद्दल त्याने जवळजवळ तशीच राखली आहे. आपल्या समुद्रात जड अणूंचे प्रमाण त्याच्या सुमारे सहापट. तेव्हा आपले पाणी केवळ त्या वायूपासून झाले, असे म्हणून भागत नाही. अतिथंड प्रदेशात बर्फ होताना जड अणू त्यात अधिक साठतात. युरेनस आणि नेपच्यून यांच्या पोटी असा बर्फ पुष्कळ. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या हर्शेल दुर्बिणीच्या मोजणीत तेथील प्रमाण गुरूहून बरेच अधिक भरले.

आपल्या समुद्राचे पूर्वजही तशाच थंडीत जन्मले असावेत. ते लघुग्रहांबरोबर आले की धूमकेतूंबरोबर, हा वाद अजून मिटलेला नाही. गोदावरीचे माहेर ब्रह्मगिरी, हे आपण जाणतोच. तिच्या पाण्याचे आजोळ मात्र सूर्याहूनही जुने असू शकेल.