मुंबईत पाऊस, वाशीममध्ये ऊन : आपले पाऊसमान असे का?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाशीम, रिसोड, मंगरूळपीर भागातून दरवर्षी हाच प्रश्न येतो : मुंबईत धो-धो पडतोय, मान्सून राज्यात आला म्हणतात, मग आमच्याकडे पेरणीजोगा पाऊस का नाही? उत्तर समजले तर दुबार पेरणीचा खर्च वाचू शकतो.

वाशीम साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. ओडिशातील भुवनेश्वर आणि आफ्रिकेतील सहारा वाळवंटाचा बराच भागही याच पट्ट्यात येतो. सूर्य तिन्हीकडे सारखाच डोक्यावर येतो. तरी भुवनेश्वरला वर्षाला सुमारे १,५०० मि.मी. पाऊस, वाशीमला सुमारे ८०० आणि सहारात अनेक ठिकाणी १०० मि.मी.सुद्धा नाही. म्हणजे नुसत्या सूर्यावर हवामान ठरत नाही. वारा कुठून येतो, वाटेत समुद्र लागतो की डोंगर, आणि हवा वर चढते की खाली उतरते, यावर ते ठरते. वर चढणारी हवा थंड होऊन ढग बनतात. उतरणारी हवा तापते, कोरडी होते. सहारावर वर्षातील बहुतेक काळ हवा उतरतच असते.

हाच खेळ आपल्या राज्यात दिसतो. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्री चढताना महाबळेश्वरला ५,००० मि.मी.हून जास्त पाऊस देतात आणि घाट उतरल्यावर माण-फलटणला जेमतेम ५०० मि.मी.च्या आसपास. त्यामुळे मुंबईचा पाऊस पाहून वाशीममध्ये तिफण जुंपू नये. आपल्याकडचा मोठा, सर्वदूर पाऊस बहुतांशी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो. ही क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकतात आणि जमिनीवरून येताना क्षीण होत जातात. म्हणून गोंदिया-भंडाऱ्यात धान पिकते आणि आपण सोयाबीन-तूर घेतो.

जुलै-ऑगस्टमधील उघाडीचे कारणही इथेच आहे. कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की तिकडे पूर येतात आणि मध्य भारत कोरडा पडतो. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा गरम होते, म्हणजे एल निनो होता. मात्र एल निनो म्हणजे दुष्काळच, असे धरून चालू नका. १९९७ मध्ये जोरदार एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला होता.

मे महिन्यात आपला पारा ४२ अंशांवर जातो, मुंबईचा ३३-३४ वर राहतो. खरे तर आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहोत, थंड असायला हवे! पण समुद्र हळू तापतो आणि आपली कोरडी काळी जमीन झटपट तापते. याच तापलेल्या जमिनीमुळे वळवाचे ढग उठतात. एका शिवारात ४० मि.मी. आणि नाल्यापलीकडे धूळ. त्या एका सरीवर पेरणी केली की घात होतो.

सलग काही दिवसांत ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन ओल खोल उतरल्यावरच सोयाबीन पेरावे. हलक्या जमिनीत तर घाई नकोच. तिथे आठ-दहा दिवसांची उघाडही कोवळ्या रोपांना सोसत नाही. मंडळाच्या हवामान केंद्रावरील आकडा तुमच्या शेताचा असेलच असे नाही. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजले तरी चालते; १ मि.मी. म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. कृषी सहायकांनी गावात असे चार-पाच डबे बसवून घेतले तर पेरणीचा सल्ला देणे सोपे जाते.

पेरणी शक्यतो रुंद सरी-वरंब्यावर करावी. ते यंत्र नसल्यास दर चार ओळींनंतर सरी काढावी. उघाडीत ओल टिकते आणि एका दिवसात १०० मि.मी. कोसळला तर पाणी सरीतून निघून जाते.