आबालाल, रंकाळा आणि पोस्टकार्डाएवढा कागद

परवाच्या शनिवारी घरी, कोल्हापुरात होतो. सकाळी सहाला उठून रंकाळ्यावर गेलो. पिशवीत रंगांची डबी, पाण्याची बाटली आणि पोस्टकार्डाएवढे कापलेले कागद. गेलं दीड वर्ष आठवड्याला निदान दोन जलरंगातली चित्रं काढायची, असा नेम केलाय. निम्म्यांचा चिखल होतो. परवाही झाला. आभाळ ओलं असतानाच झाडं काढायला गेलो आणि हिरवा रंग थेट ढगात घुसला. शेजारी बसलेला शाळेतला मित्र म्हणाला, "मर्दा, ही सगळी ठेवणार कुठं? आणि करणार काय त्यांचं?"

उत्तर सुचलं नाही. पण हा प्रश्न याच गावात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला नक्की कुणीतरी विचारला असणार. आबालाल रहिमान.

आबालाल मूळचे कोल्हापूरचेच. १८८० च्या दशकात ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तिथे मुंबईत राहून साहेबलोकांची आणि शेठजींची पोर्ट्रेट्स करत बसले असते, तर पैशाला तोटा नव्हता. पण ते गावी परतले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारची कामं झालीच, पण त्यांचा खरा जीव रमला तो कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेच्या परिसरात. तेच पाणी, तीच झाडं, तोच संध्यामठ. बदलायचा तो फक्त उजेड. तिकडे फ्रान्समध्ये क्लॉद मोने १८९०-९१ मध्ये गवताच्या त्याच त्या गंजी वेगवेगळ्या उजेडात रंगवत होता. आबालालना ते ठाऊक असेल-नसेल, पण ओढ तीच.

हे असं बाहेर बसून रंगवणं सोपं झालं, त्यामागे थोडं तंत्रज्ञानही आहे बरं का. पूर्वी जलरंगाच्या वड्या दगडासारख्या कडक असायच्या, त्या पाण्यात घासत बसावं लागे. १८३५ मध्ये विन्सर अँड न्यूटन कंपनीने ग्लिसरीन घातलेल्या मऊ वड्या आणल्या. ओला कुंचला टेकवला की रंग तयार. थोडक्यात, स्टुडिओ खिशात मावायला लागला. १८४१ मध्ये रंगांसाठी धातूच्या ट्यूब्सही आल्या. बाकी कटकट मात्र तीच राहिली. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा झाकला की गेला. अनडू नाही! म्हणूनच हात चालू ठेवावा लागतो. कागद किती ओला आहे, हे पुस्तकातून कळत नाही, कागद वाया घालवूनच कळतं.

आता आबालालच्या गोष्टीतला चटका लावणारा भाग. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. कोल्हापुरात सांगतात, की त्या दुःखात आबालालनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. ही दंतकथा आहे, आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. पण आयुष्यभर रोज रंगवणाऱ्या या माणसाची आज फार थोडी चित्रं पाहायला मिळतात, हे खरंच. काही टाउन हॉल म्युझियममध्ये आहेत. १९३१ मध्ये ते वारले.

मग सगळं वायाच गेलं का? मला तसं वाटत नाही. त्यांच्यानंतरच्या कोल्हापूरकर चित्रकारांनी त्यांचंच बोट धरलं. बाबुराव पेंटर त्यातलेच, ज्यांचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. पुढे भालजींच्या 'छत्रपती शिवाजी'त (१९५२) महाराज झालेले चंद्रकांत मांडरे हेही निसर्गचित्रं काढणारे. राजारामपुरीत त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. चित्रं बुडाली असतील, पण उठून तळ्यावर जाऊन बसायची सवय काही बुडाली नाही.

दुपारी टाउन हॉलला गेलो. आबालालच्या एका चित्रासमोर दहा मिनिटं उभा राहिलो. आणि मग माझा तो चिखल झालेला कागद फेकायचा विचार रद्द केला. मागची बाजू कोरी आहे अजून.

मित्राला संध्याकाळी सांगितलं, "ठेवायला जागा लागत नाही. रविवारी सकाळी तूही चल." तो म्हणाला, "मिसळ खाऊन मग."

म्हटलं, चालतंय की!