जीप, ट्रॉली आणि क्राऊन-पिनियनचा हिशेब

निजामाच्या अंमलात औरंगाबादेहून जालन्याकडे जाणारा रस्ता चिकलठाण्याच्या शिवारातून जाई तेव्हा ओझे ओढण्याचा प्रश्न बैलांनीच सोडवलेला होता. मनमाड-सिकंदराबाद मार्गाचे मीटरगेज रूळ शेजारून गेले, तरी स्थानकापासून शेतापर्यंतच्या काळ्या चिखलात रेल्वेचे काही चालत नसे, आणि गाडी रुतली की दुसरी बैलजोडी जुंपणे हाच सर्वमान्य उपाय होता. यंत्राला दुसरी जोडी जुंपता येत नाही. त्याला दाते बदलावे लागतात.

या युक्तीचा सर्वांत स्वच्छ दाखला जीपच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या आसात ८ दात्यांचा पिनियन, म्हणजे लहान गिअर, ३९ दात्यांचा क्राऊन, म्हणजे मोठा गिअर, फिरवी, म्हणजे गुणोत्तर ४.८८ होई. १९४५ साली तीच गाडी शेतकऱ्यासाठी नागरी वेषात आली तेव्हा क्राऊनचे दाते ४३ झाले आणि गुणोत्तर ५.३८ वर गेले. इंजिन तेच, पण ओढ सुमारे दहा टक्क्यांनी वाढली, आणि त्याच प्रमाणात वेगाची तोशीस सोसावी लागली. पुढे महिंद्रांनी मुंबईत जुळणी करून जीप देशभर पोहोचवली, आणि सरकारी दौऱ्यांतून निवृत्त झालेल्या कित्येक जीपगाड्या मागे ट्रॉली लावून दुसरा संसार थाटू लागल्या.

अशा गाडीचा आस उघडणे हे मिस्त्रीच्या संयमाची परीक्षा पाहणारे काम. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावे लागतात, कारण एकमेकांवर घासून जुळवलेल्या दात्यांना परका सोबती चालत नाही. मग पिनियनमागे पातळ शिम घालायची, दात्यांना रंग फासून क्राऊन हाताने फिरवायचा, ठसा दात्याच्या मध्यावर उमटतो की कडेला सरकतो ते निरखायचे, आणि तो सरकला असेल तर सर्व पुन्हा सोडायचे. ही मेहनत टाळली की रस्त्यावर क्राऊन ओरडू लागतो. खर्च वाचवण्यासाठी केवळ मागचाच आस बदलणारे महाभाग असतात. फोर-व्हील लावताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतात, तेव्हा त्यांचा हिशेब पुरा होतो. स्पीडोमीटरची गरारीही न बदलली तर चाळीसचा वेग चव्वेचाळीस दिसतो, याचे मात्र मालकाला बहुधा दुःख नसते. दुःख व्हावे ते ब्रेकचे. कारण ओढण्याचे सामर्थ्य वाढते, पण थांबवण्याचे सामर्थ्य पूर्वीइतकेच राहते, आणि भरलेली ट्रॉली उतारावर हा भेद निर्दयपणे शिकवते.

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कालांतराने चिकलठाण्याच्या शेतांवर कारखाने उभे राहिले; डिझेल इंजिने घडवणारा ग्रीव्हज कॉटनचा कारखानाही तेथे आला. याच काळात पेट्रोल परवडेनासे झालेल्या जीपमालकांनी देशभर डिझेल इंजिने बसवून घेतली, आणि मग व्यवहार उलटला : डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देते, पण फार फेऱ्या घेत नाही, म्हणून ५.३८ चा आस आता गाडीला रेंगाळत ठेवी, आणि लोक जुना ४.८८ चा जोड शोधत हिंडू लागले.

चिकलठाण्यापुढे त्याच रस्त्यावर, शेंद्र्याला, २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जातात. तेथील कोडियाकसारख्या आडव्या इंजिनाच्या एसयूव्हीत हे अंतिम गुणोत्तर गिअरबॉक्सच्या पोटातच बंदिस्त असते, आणि किती ओझे ओढायचे ते निर्माता आधीच ठरवून देतो. त्यात हात घालण्याची सोय मिस्त्रीला उरलेली नाही. बोलेरोच्या मागच्या अखंड आसात ती अजून आहे.