दिवाणखान्यांतला समुद्र

समुद्र घरांत आणावयाचा असेल तर त्याला टेंकावयास आधीं जागा सिद्ध करावी लागते. एक घनफूट खारें पाणी सुमारें ६४ पौंड भरतें. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व तितकेंच उंच असें टाकें घेतलें, तर नुसत्या पाण्याचेंच वजन सव्वापांच पक्क्या मणांपर्यंत जातें. दगडी तळ, कांचा, वाळू व खडक यांचा भार निराळाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडांतल्या सुखवस्तु कुटुंबांनीं हा खेळ आरंभला, तेव्हां त्यांच्या दिवाणखान्यांतलीं सडपातळ पायांचीं नक्षीदार मेजें या ओझ्याच्या कामाचीं नव्हतीं. तेथें आपल्या जुन्या घरांतील घडवंचीच्या जातीची, जाड लांकडाची आणि आडव्या पट्ट्यांनीं जखडलेली बैठक हवी. शिवाय ती अशी सपाट हवी, कीं एकही कोपरा खचूं नये. कोपरा केंसभर खचला तरी सारा ताण कांचेवर येतो, सांध्यांतलें लुकण सुटतें, आणि समुद्र गालिच्यावर वाहूं लागतो. लोखंडाला खारें पाणी खाऊन टाकतें. लुकणांतला शिशाचा अंश प्राण्यांना बाधतो. म्हणून नवें टाकें कित्येक दिवस पाण्यानें भरून मुरवावें लागे.

इतकें करून जें झालें तें केवळ सुतारकाम. कोंडलेल्या पाण्याला श्वास कसा द्यावयाचा, हा खरा प्रश्न होता.

समुद्राच्या कांठीं राहणाऱ्यांना त्याची फारशी अडचण नव्हती. सिसिलींतील मेसिना येथें झान व्हिलप्रे-पॉवर या विदुषीनें १८३२ च्या सुमारास कांचेच्या टाक्यांत आर्गोनॉट नामक अष्टभुज प्राणी पाळला, आणि आपलें पातळ शंखासारखें कवच तो स्वतःच घडवितो हें सिद्ध केलें. स्कॉटलंडांत सर जॉन डॅलियल यांनीं १८२८ सालीं नॉर्थ बेरिकच्या खडकावरून एक समुद्रफूल उचलून आणलें व बरणींत ठेवलें. त्याचें पाणी नित्य बदललें जाई. या प्राण्याला पुढें ‘आजीबाई’ हें नांव पडलें. आजीबाईंना शेंकडों पिलें झालीं. डॅलियल १८५१ सालीं वारले, तरी आजीबाई एका पालकाकडून दुसऱ्याकडे जात १८८७ पर्यंत जगल्या! परंतु रोज ताजें समुद्रजल मिळावयाचें तर एडिंबरोसारखें समुद्राजवळचें गांव पाहिजे. लंडनला तें कोठून मिळणार?

ॲना थिन ही वेस्टमिन्स्टर ॲबेच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. तिनें १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळीं लंडनला आणलीं. आणलेलें पाणी पुरेना, तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीशीं उभें राहून एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत राहण्याचा उपाय तिनें काढला. हें काम अर्धा-पाऊण तास घरची मोलकरीण करी. समुद्रावांचून समुद्रजीव जगविण्याच्या या पहिल्या प्रयोगांत तिच्या दंडांचा वांटा लहान नव्हता. तिचें नांव मात्र कोणी टिपून ठेवलें नाहीं. पुढच्या वर्षीं थिनबाईंनीं पाण्यांत समुद्रवनस्पती सोडल्या, आणि मोलकरणीचें काम वनस्पती करूं लागल्या.

असें कां होतें याची शास्त्रीय मांडणी रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें केली. १८४९ सालीं त्यानें गोड्या पाण्यांत दोन मासे व एक पाणवनस्पति ठेवली. वनस्पति प्राणवायु देई, पण तिचीं कुजकीं पानें पाणी नासवीत. तीं खाण्यासाठीं त्यानें गोगलगाई सोडल्या, आणि मेळ जमला. १८५२ पासून त्यानें हीच पद्धति खाऱ्या पाण्याला लावली. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांचें ‘दि अक्वेरियम’ हें रंगीत चित्रांचें पुस्तक निघालें. लॅटिनमध्यें हा शब्द गुरांच्या पाणवठ्याचा. तो गॉस यांच्यामुळें दिवाणखान्यांत आला. साधें मीठ व आणखी तीन क्षार यांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही त्यांनीं दिली.

मग काय विचारतां! कांचेवरचा कर १८४५ मध्येंच उठला होता, आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोंचल्या होत्या, आणि विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांच्या लंडनमधील दुकानांत समुद्राचें पाणी आणि समुद्रफुलें विकत मिळूं लागलीं होतीं. हौसेला शिस्त मात्र नव्हती. टाक्यांत गर्दी होई, खाणें जास्त पडे. एखादा प्राणी दगडाआड मरे, आणि दोन दिवसांत सर्व पाणी दुर्गंधीनें भरे. खिडकीच्या उन्हानें कांचा हिरव्या होत. वॉरिंग्टन यांनीं तिरप्या पाठीचें, वरूनच उजेड घेणारें टाकें सुचविलें. लॉइड यांनीं तर १८७१ सालीं उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयांत टाक्यांहून कितीतरी मोठा काळोखा हौद खालीं बांधून पाणी अखंड फिरतें ठेवलें. विष्ठेपासून होणारें विष पचविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा उलगडा विनोग्रॅड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास केला. हे जंतु वाळूंत व दगडांवर वस्ती करावयास कांहीं आठवडे घेतात. पहिल्याच दिवशीं टाकें प्राण्यांनीं भरणाऱ्या कुटुंबांचें दुर्दैव येथें होतें. १८६० नंतर बहुतेक टाकीं रिकामीं झालीं. कित्येकांत नेचे लावले गेले.

टाकीं रिकामीं झालीं, पण त्यांच्याही आधीं किनारे ओसाड पडले होते. गॉस यांची पुस्तकें हातीं घेऊन हातोडे व टोपल्या यांसह शेंकडों कुटुंबें डेव्हनच्या खडकांवर उतरलीं. ओहोटीच्या वेळीं जीं डबकीं फुलबागेसारखीं दिसत, तीं खरवडून नेण्यांत आलीं. या विध्वंसाचें दुःख खुद्द गॉस यांना झालें होतें, असें त्यांचे पुत्र एडमंड यांनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनांत लिहून ठेवलें आहे. लहानपणीं वडिलांबरोबर पाहिलेलीं तीं डबकीं यापुढें कोणाच्याही दृष्टीस पडणार नाहींत, असें त्यांना वाटत होतें.