कोल्चिसिनसोबत बुरशीनाशक गोळ्या घेण्यातील धोका

रक्तातील युरिक ॲसिड वाढून सांध्यांत स्फटिक साचल्याने होणाऱ्या गाउट या विकारावर कोल्चिसिन हे जुने औषध आजही दिले जाते. महाराष्ट्रात कळलावी म्हणून परिचित असलेल्या वेलीच्या कंदात हेच द्रव्य असते आणि त्याच्या विषारीपणाचे ते प्रमुख कारण आहे. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फारसे अंतर नाही, ही कोल्चिसिनची मूळ अडचण होय.

यकृत व आतड्यातील सीवायपी३ए४ हे विकर कोल्चिसिनचे विघटन करते, तर पी-ग्लायकोप्रोटीन हे वाहक प्रथिन ते पेशींबाहेर टाकते. गजकर्ण किंवा नखांच्या बुरशीसाठी दिले जाणारे इट्राकोनॅझोल या दोन्ही वाटा अडवते. केटोकोनॅझोलच्या गोळ्यांचेही तसेच. परिणामी नेहमीच्याच मात्रेतील कोल्चिसिन शरीरात साचत जाते. फ्लुकोनॅझोलचा परिणाम मध्यम असतो, तर टर्बिनाफिन या विकराला फारसे अडवत नाही. त्वचेवरील मलमे रक्तात अत्यल्प उतरत असल्याने प्रश्न मुख्यतः पोटातून घ्यावयाच्या औषधांचा आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये कोल्चिसिनशी संबंधित, मात्रा प्रमाणात असतानाही झालेल्या ११७ मृत्यूंची नोंद जाहीर केली. त्यांपैकी ६० प्रकरणांत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सोबत घेतले गेले होते. ते बुरशीनाशक नसले, तरी त्याच दोन वाटा अडवते.

मूत्रपिंड वा यकृत दुर्बल असलेल्यांना ही जोडी वर्ज्य आहे. गाउटच्या अनेक रुग्णांचे मूत्रपिंड आधीच कमकुवत असते, हे येथे विसरून चालत नाही. इतरांसाठी अमेरिकी औषधपत्रकानुसार तीव्र झटक्यातील १.२ व तासाभराने ०.६ मिलिग्रॅम ही मात्रा अनुक्रमे ०.६ व ०.३ मिलिग्रॅमवर आणली जाते आणि पुढील तीन दिवस पुन्हा दिली जात नाही. इट्राकोनॅझोल थांबविल्यानंतरही त्याचा प्रभाव सुमारे दोन आठवडे टिकू शकतो.

विषबाधेची सुरुवात मळमळ, उलट्या व जुलाबांनी होते. खाण्यातले काही बाधले असावे, असे समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. पुढे स्नायूंची दुर्बलता, बोटांना मुंग्या, पांढऱ्या पेशींत घट आणि अनेक अवयव निकामी होणे, असा क्रम संभवतो. डायलिसिसने हे औषध बाहेर काढता येत नाही. त्वचारोगतज्ज्ञ व गाउटवर उपचार करणारे डॉक्टर वेगळे असल्यास दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाही दाखविणे आवश्यक ठरते. युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल मात्र सीवायपी३ए४च्या मार्गाने जात नाही. त्यामुळे इट्राकोनॅझोल सुरू झाले म्हणून ते परस्पर बंद करण्याचे कारण नाही.