वादळांची बाराखडी

कलकत्त्याचा इतिहास लिहू जाता लेखणी साहजिकच क्लाइव्ह, हेस्टिंग्ज, राममोहन राय यांच्याकडे वळते. ज्या गृहस्थाने बंगालच्या उपसागरातील वाऱ्यांचा इतिहास लिहिला, त्याचे नाव मात्र त्या नगरीतही सहसा कोणी काढीत नाही. हेन्री पिडिंग्टन हा तो गृहस्थ. चाकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आम्हां मंडळींना त्याच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटावी, असे कारण आहे. तो राज्यकर्त्यांपैकी होता, हे आम्ही विसरत नाही. परंतु परमुलखात येऊन ज्या समुद्राने त्याला पोसले, त्या समुद्रकाठच्या माणसांचे ऋण त्याने आपल्या परीने फेडले आणि १८५८ साली तेथेच देह ठेवला.

पिडिंग्टन मूळचा व्यापारी जहाजावरचा कप्तान. १८३० च्या सुमारास तो कलकत्त्यास स्थायिक झाला. तेथील भूगर्भविषयक संग्रहालयाचा तो अभिरक्षक होता आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायसभेचा अध्यक्षही होता. याच सुमारास अमेरिकेत रेडफील्ड नावाच्या एका खोगीर बनविणाऱ्या कारागिराने एक विलक्षण गोष्ट हेरली होती. १८२१ च्या वादळानंतर प्रवास करताना त्याला दिसले, की एका भागातील झाडे एका दिशेला, तर दुसऱ्या भागातील झाडे नेमकी उलट दिशेला उन्मळून पडली आहेत. यावरून वादळ म्हणजे सरळ धावणारा वारा नव्हे, तर एक प्रचंड फिरते चक्र आहे, असे अनुमान त्याने बांधले. हाच विचार पुढे नेणारा रीड या लष्करी अभियंत्याचा ग्रंथ १८३८ साली निघाला. तो पिडिंग्टनच्या हाती पडला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

आजकाल अमेरिकेतील मैदानी मुलखात मोटारी घेऊन वादळांच्या मागे धावणारी माणसे आहेत. विमानातून वादळाच्या पोटात शिरणारीही आहेत. पिडिंग्टनने पाठलाग केला तो मेजापाशी बसून. वादळातून बचावलेल्या जहाजांच्या दैनंदिन नोंदी, कप्तानांचे जबाब, बंदरांवरची पत्रे, वायुभारमापकाचे आकडे हे सारे तो गोळा करी. कोणत्या घटकेला, कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिशेचा वारा होता, हे नकाशावर मांडून तो वादळाचा माग काढी. १८३९ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे हे निबंध एकामागून एक येऊ लागले. न्यायासनावर बसून पुरावा तपासण्याची जी सवय त्याला होती, तीच त्याने वाऱ्याच्या बाबतीत चालविली.

त्याच्या हाती आलेल्या पुराव्यांत एका जहाजाची हकीकत फार बोलकी आहे. १८४५ च्या फेब्रुवारीत ‘चार्ल्स हेडल’ नावाचे जहाज मॉरिशसहून निघाले असता वादळात सापडले. कप्तानाने जहाज वाऱ्यापुढे सोडून दिले. पाच दिवस ते धावत होते. सुमारे तेराशे मैल धावले. आणि अखेरीस पाहावे, तो निघाल्या जागेपासून जेमतेम साडेतीनशे मैलांवर! घाण्याचा बैल दिवसभर चालून घाण्यापाशीच असतो, तशी त्याची गत झाली होती. वादळाच्या केंद्राभोवती त्याने वेढ्यावर वेढे घातले होते. वारा वर्तुळाकार फिरतो, याला याहून मोठा साक्षीदार कोणता हवा?

या फिरत्या वादळाला पिडिंग्टनने १८४८ साली नाव दिले, ते ‘सायक्लोन’. ज्या ग्रीक शब्दावरून ते बनविले, त्याचा एक अर्थ सापाचे वेटोळे असा आहे. वादळ म्हणजे नेमके वर्तुळच, असा हट्ट त्याला धरायचा नव्हता; वेटोळे घालण्याची प्रवृत्ती तेवढी सुचवायची होती. पुढे वारा केंद्राकडे आत वळत वळत फिरतो हे सिद्ध झाले, तेव्हा वेटोळ्याची ही उपमा त्याच्या आकृत्यांपेक्षाही अचूक ठरली. आपल्या ‘चक्रीवादळ’ या शब्दातही तेच फिरणे आहे.

ज्या ग्रंथात हा शब्द प्रथम आला, त्याचे नाव ‘सेलर्स हॉर्नबुक’. हॉर्नबुक म्हणजे शिंगाच्या पारदर्शक पापुद्र्याखाली अक्षरे बसविलेली इंग्रज मुलांची पाटी. आपण बाराखडी म्हणू. पिडिंग्टनने हा श्लेष जाणूनबुजून साधला. पुस्तकासोबत खरोखरच शिंगाच्या पारदर्शक चकत्या असत. त्यांवर वादळाचे वर्तुळ आणि वाऱ्याचे बाण कोरलेले असत. खलाशाने चकती नकाशावर ठेवायची, वाऱ्याची दिशा जुळवायची आणि केंद्र कोणीकडे आहे ते पाहून जहाज दूर न्यायचे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले असता केंद्र उजव्या हाताला असते, हा त्यातला मूळ धडा. विद्वानांसाठी निबंध लिहिणाऱ्या माणसाने अल्पशिक्षित खलाशासाठी बाराखडी करावी, यातच त्याचे मोठेपण आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु ही बाराखडी खलाशांनी जेवढी गिरविली, तेवढी राज्यकर्त्यांनी गिरविली नाही. हुगळी गाळाने भरेल या भीतीने सुंदरबनाच्या तोंडाशी, मातला नदीवर, नवे बंदर बांधण्याचा घाट सरकारने घातला. पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसी याला जाहीर पत्र लिहून बजावले, की वादळाबरोबर समुद्राची जी लाट चढून येते, ती या जागी सर्वस्व बुडवील. सल्ला मानला गेला नाही. बंदर उभे राहिले, त्याला कॅनिंगचे नाव मिळाले, आगगाडीही आली. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले, लाट शहरावरून गेली आणि थोड्याच वर्षांत ते बंदर सोडून द्यावे लागले. पिडिंग्टनला जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

त्याआधी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, खुद्द कलकत्त्यावर वादळ कोसळले होते. हुगळीतून चढलेल्या पाण्याने पन्नास हजारांच्या आसपास माणसे नेली. मग मात्र १८६५ साली कलकत्ता बंदरात वादळाची सूचना देण्याची व्यवस्था झाली आणि १८७५ साली ब्लॅनफर्डच्या हाताखाली अखिल भारतीय हवामानखाते स्थापन झाले. या खात्याशी आमच्या मुलखाचेही नाते आहे. त्याचे मुख्य ठाणे कलकत्त्याहून सिमल्यास आणि १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. १९४४ साली ते दिल्लीस गेले. पण शिवाजीनगरातील त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बदलीच्या हुकुमावर फिरणारे एकटे आम्हीच नव्हे!

खाते निघाले, तरी प्रश्न सुटला नाही. १८७६ च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेघनेच्या मुखाशी वादळी लाट चढली. दक्षिण शाहबाजपूर, हातिया, संद्वीप ही बेटे पाण्याखाली गेली. सुमारे एक लाख माणसे बुडाली आणि मागाहून पटकीने जवळजवळ तितकीच गेली. सूचनेचे बावटे बंदरात लागत, ते जहाजांसाठी. भाताच्या शेतात झोपडी बांधून राहणाऱ्या कुळापर्यंत बातमी नेण्याची कोणाची नेमणूक नव्हती.

चौऱ्याण्णव वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९७० रोजी, त्याच दक्षिण शाहबाजपुरावर, म्हणजे आजच्या भोला बेटावर, पुन्हा लाट आली. आता उपग्रह होते, रेडिओ होता. रेडिओवरून सूचनाही दिली गेली होती. तरी निदान तीन लाख माणसे मेली. सूचना कानी पडणे आणि तिचा अर्थ कळणे यांत जे अंतर आहे, त्यात हे तीन लाख जीव गेले. त्यानंतर बांगलादेशात गावोगावचे स्वयंसेवक कर्णे आणि बावटे घेऊन दारोदार जाऊ लागले. ओरिसात १९९९ च्या महावादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले; पुढे तेथे निवारे बांधले गेले, तालमी झाल्या. २०१३ साली ‘फायलीन’ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलविली होती आणि बळींची संख्या काही डझनांवर थांबली. वादळ दुबळे झाले नव्हते. बाराखडी घरोघरी पोचली होती.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावर असल्या सूचनांचे कागद येत असतील. तो कागद पुढे धाडला, शेरा मारला, की काम संपले असे मानण्याची खोड कचेरीत फार जुनी आहे. पिडिंग्टनची चकती खलाशाच्या हातात बसेल एवढी होती, आणि ती फिरवायला विद्वत्ता लागत नव्हती. अखेरच्या गावातील अखेरच्या घराला आपल्या भाषेत कळेल, तीच सूचना. बाकी सर्व दप्तर.